दोन नागरिकत्वे, एक निष्ठा

शास्त्रपाठ : फिलिप्पै ३:२०, प्रेषितांची कृत्ये १६:३५-४०, यिर्मया २९:४-७

सोलापुरास अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल व चादरी विणणारे कारखाने आहेत. तेथे मराठी, तेलुगू व कानडी बोलणारे कामकरी एकत्र राबतात. आपल्या खेड्यातून तेथे गेलेल्या एखाद्या तरुणास सोबती विचारील, “तुमचे राज्य स्वर्गात, असे तुम्हीच म्हणता, मग तुम्ही ह्या देशाचे कसे?” ह्याचे उत्तर रागाने अगर भीतीने देऊ नये, ते नीट समजून द्यावे.

१. कायदा काय सांगतो? आपल्या राज्यघटनेचा नववा अनुच्छेद व १९५५ चा नागरिकत्व कायदा ह्यांप्रमाणे जो स्वेच्छेने परदेशाचे नागरिकत्व घेतो, त्याचे भारतीय नागरिकत्व संपते. गोव्यावर १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगालची सत्ता होती. त्या काळी तेथे जन्मलेल्यांस व त्यांच्या मुलानातवंडांस पोर्तुगालचे नागरिकत्व मागता येते. रोजगारासाठी पुष्कळांनी ते घेतले. त्यांत ख्रिस्ती आहेत तसे हिंदूही आहेत. पण त्यांस भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. पुढे ओसीआय कार्ड मिळाले, तरी त्याने मताचा हक्क येत नाही. बाप्तिस्म्याने असे काहीच घडत नाही. आदल्या दिवशी मनुष्य जितका भारतीय होता, तितकाच तो दुसऱ्या दिवशीही असतो.

२. पौलाने काय केले? फिलिप्पै ही रोमी वसाहत होती. तेथे चौकशीवाचून त्याला फटके मारून तुरुंगात टाकले. तेव्हा आपण रोमी नागरिक आहो, हे त्याने अधिकाऱ्यांस स्पष्ट कळविले व न्याय मागितला. त्याच नगराच्या मंडळीस त्याने पुढे स्वर्गीय नागरिकत्वाविषयी लिहिले. अर्थात एकाने दुसरे रद्द होत नाही. स्वर्गाचे नागरिकत्व हा दुसरा पासपोर्ट नव्हे. पहिले कसे वागवावे, हे ते शिकविते.

३. निष्ठा कशात दिसते? बाबेलात बंदिवान असलेल्या लोकांसही यिर्मयाने त्या नगराचे हित पाहण्यास व त्याकरिता प्रार्थना करण्यास सांगितले. मग आपण तर आपल्याच भूमीत आहो! १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांत हिंदू होते, तसे कुर्बान हुसेनही होते. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगांत गाइली आणि स्वदेशावरही कविता रचल्या. देशप्रीती ही कोणा एका धर्माची मिरास नाही.

४. मर्यादा कोणती? सत्ताधारी सांगेल ते सर्व योग्य, असा निष्ठेचा अर्थ नव्हे. देवाविरुद्ध आज्ञा झाली तेव्हा प्रेषितांनी ती मानली नाही. शिक्षा मात्र निमूटपणे सोसली.

म्हणून, बंधुभगिनींनो, आपले उत्तर वाणीपेक्षा वर्तनात असावे. मतासाठी पैसे घेऊ नका. घरपट्टी वेळेवर भरा. गावच्या विहिरीच्या व रस्त्याच्या कामी सर्वांबरोबर उभे राहा. असा शेजारी कोणत्या देशाचा, हे गावास विचारावे लागणार नाही.

चर्चेकरिता प्रश्न : (१) पौलाने आपला हक्क का सांगितला? (२) आपल्या गावाच्या हितासाठी मंडळीने ह्या महिन्यात कोणते एक काम करावे?