मेंदूचे मुख्य भाग व त्यांची कार्ये

विषयप्रवेश : शिक्षकाने एका विद्यार्थ्यास डोळे मिटून, एका पायावर उभे राहून आपले नाव सांगावयास लावावे. या क्षणभराच्या कृतीत सूचना ऐकणे, तिचा अर्थ लावणे, शब्द उच्चारणे, तोल सांभाळणे व श्वास चालू ठेवणे ही पाच कामे घडली, हे वर्गाकडूनच काढून घ्यावे. या सर्वांचे नियंत्रण मेंदू करतो. परंतु त्याच्या निरनिराळ्या भागांकडे निरनिराळी कामे असतात.

विवेचन : प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम असते. त्याचे तीन ठळक भाग सांगावेत.

१. मोठा मेंदू : अक्रोडाच्या गराप्रमाणे हा वळ्यावळ्यांचा असून त्याचे दोन गोलार्ध असतात. उजवा गोलार्ध शरीराच्या डाव्या बाजूची हालचाल चालवितो व डावा उजव्या बाजूची. कपाळामागील भागाकडे विचार, निर्णय व हालचालींची सुरुवात. माथ्याखालील भागाकडे स्पर्शज्ञान. कानांजवळील भागाकडे श्रवण. आणि अगदी मागील भागाकडे दृष्टी असते. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यविशारदाने एका मृत रुग्णाचा मेंदू तपासला. या रुग्णास अनेक वर्षे जवळजवळ एकच अक्षर उच्चारता येत असे. दुसऱ्याचे बोलणे मात्र त्यास बरेचसे समजे. त्याच्या डाव्या गोलार्धाच्या पुढील भागास इजा झालेली आढळली.

२. लहान मेंदू : हा डोक्याच्या मागे, खालच्या बाजूस असतो. शरीराचा तोल व हालचालींतील मेळ तो राखतो.

३. मस्तिष्कपुच्छ : हा मेंदूचा सर्वांत खालचा भाग मज्जारज्जूस जोडलेला असतो. श्वसन, हृदयाची गती व गिळणे यांचे नियमन निद्रेतही येथूनच होते.

हे भाग परस्परांशी जोडलेले असून एकत्रितपणे कार्य करतात, हे शेवटी स्पष्ट करावे.

शिक्षकांसाठी विशेष सूचना : वाचता वाचता एखादे मूल एकाएकी थांबते, काही सेकंद शून्यात पाहते, हाक मारली तरी ओ देत नाही आणि पुन्हा पूर्ववत वाचू लागते. असे वारंवार घडल्यास ते दुर्लक्ष किंवा उद्धटपणा समजून शिक्षा करू नये. हा अपस्माराचा एक प्रकार असू शकतो. श्वास चालू असतो, मूल बसलेलेही राहते. फक्त तेवढा वेळ भान हरपते व त्याची आठवण त्यास राहत नाही. पालकांस विश्वासात घेऊन मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे; औषधोपचाराने पुष्कळ मुले बरी होतात.

मोठा झटका आल्यास मुलास कुशीवर निजवावे, आसपासच्या टणक वस्तू दूर कराव्यात. तोंडात चमचा घालू नये. कांदा वा चप्पल हुंगवू नये. झटका पाच मिनिटांहून अधिक टिकल्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

मेंदूचा पाठ फळ्यावर उत्तम झाला, पण आजारी मुलास छडी बसली, तर तो पाठ व्यर्थ होय.