अण्णा साळुंके : मूकपटातील पहिली तारामती

स्नेहसंमेलनाच्या नाटकात लुगडे नेसण्याची वेळ आली म्हणजे वर्गातील धीट मुलेही मागे सरतात. ज्या गृहस्थाने हे काम सबंध हिंदुस्थानासमोर केले, त्या अण्णा हरी साळुंके यांची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट तयार करीत होते. तारामतीसाठी त्यांनी पुष्कळ शोध केला. परंतु कुलीन स्त्रिया तर राहोतच, कलावंतिणीही या धंद्यास तयार होईनात. अखेर मुंबईत ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणारे साळुंके त्यांच्या दृष्टीस पडले. सडपातळ बांधा व नाजूक हात पाहून फाळक्यांनी त्यांस विचारिले. महिना दहाऐवजी पंधरा रुपये मिळणार म्हणून ते आले, असे सांगतात. यावर कोणी नाक मुरडू नये. चुलीपुढे राबणाऱ्यास ती दीडपट कमाई होती! शिवाय मिशी उतरवावी लागे, आणि वडील हयात असता ती उतरविणे लोक अशुभ मानीत.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात हा चित्रपट लोकांसमोर आला. हरिश्चंद्र झाले होते दत्तात्रय दामोदर दाबके. रंगभूमीवरील स्त्रीपार्ट्यास गोड गळा लागे. येथे आवाजच नव्हता. जे काय सांगावयाचे ते मुद्रेने व हातांनी. म्हणूनच गाण्याची तालीम न घेतलेला मनुष्यही राणी होऊ शकला, असे आम्हांस वाटते.

त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर' मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमला यांनी कामे केली. चित्रपटात काम करणाऱ्या स्त्रियांत पहिला मान या मायलेकींचा. लोकनिंदेची पर्वा न करता त्या पुढे आल्या, हे धैर्य आम्हांस साळुंक्यांच्या धैर्याहून मोठे वाटते. तथापि स्त्रिया लगेच मोठ्या संख्येने आल्या नाहीत, आणि साळुंक्यांचा शालू सुटला नाही.

१९१७ च्या 'लंकादहन' मध्ये तर राम तेच आणि सीताही तेच! दृश्ये निरनिराळी घेऊन जोडावयाची, एवढीच युक्ती. सीतेचे पुरुषी दंड काहींच्या ध्यानात येत म्हणे. परंतु पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक पायांतील जोडे काढीत, असेही सांगतात.

पुढे साळुंके कॅमेरा चालविण्यास शिकले. फाळक्यांच्या हिंदुस्थान फिल्म कंपनीच्या १९२० नंतरच्या अनेक चित्रपटांचे छायालेखन त्यांनी केले. १९२३ चा 'बुद्धदेव' हा त्यांपैकीच एक.