हिरवळीचे ऋतुचक्र : रायपूरची भूमी व हवामान

हिरवळीच्या निगेविषयी जे ग्रंथ इंग्रजीतून आपल्याकडे आले, ते बहुतांशी इंग्लंडच्या सौम्य, समुद्रवेष्टित हवामानात लिहिले गेले. तेथे पाऊस वर्षभर थोडा थोडा पडत राहतो आणि माळ्याचा झगडा मुख्यतः शेवाळाशी असतो. गवत कापण्याचे यंत्रही तेथलेच होय. एडविन बडिंग या कारागिराने कापडगिरणीत लोकरी कापडाची लव छाटणारे यंत्र पाहिले आणि त्याच धर्तीवर १८३० मध्ये हे यंत्र बनविले.

त्या ग्रंथांतील वेळापत्रक रायपूरला जसेच्या तसे लावू गेल्यास फसगत ठरलेली. छत्तीसगढच्या मैदानातील हे नगर समुद्रापासून बरेच आत आहे. वर्षाला सुमारे १,२०० मिलिमीटर पाऊस येथेही पडतो, परंतु त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. इंग्लंडमधील राय व फेस्क्यू ही गवते या उन्हाळ्यात तग धरीत नाहीत. येथे उपयोगी पडते ती हरळी, म्हणजे आपली दूर्वाच. छत्तीसगढात तिला दूब म्हणतात. जिला शेतातून उपटता उपटता शेतकरी थकून जातो, तीच अंगणात लावून जोपासावी लागते, ही गंमतच म्हणावयाची! तिला भरपूर ऊन हवे. आंब्याच्या किंवा निंबाच्या गर्द सावलीत हरळी लावण्याचा अट्टाहास करू नये.

जमिनीचा विचार मात्र सावकाश केला पाहिजे. या प्रदेशातील शेतकरी जमिनीचे चार प्रकार मानतो : कन्हार, डोरसा, मटासी आणि भाटा. कन्हार ही काळी व चिकण. पावसाळ्यात तिच्यात पाणी तुंबते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. भाटा ही तांबूस, मुरमाड. तिच्यात पाणी ठरत नाही. मटासी पिवळसर असते, आणि डोरसा ही कन्हार व मटासी यांच्या मधली. कन्हारात थोडीशी वाळू मिसळून काम भागेल अशी समजूत आढळते, ती बरोबर नव्हे. चिकण मातीत अल्प वाळू मिसळल्याने माती उलट अधिक घट्ट बसण्याचा संभव असतो. चांगले कुजलेले शेणखत आणि शंभर मीटरला एक-दोन मीटर इतका उतार, हाच खात्रीचा उपाय.

लागवड पहिला पाऊस मुरल्यावर, आषाढात करावी. मुळे असलेल्या काड्या वीतभरापेक्षा कमी अंतरावर ओल्या जमिनीत खोचतात. पावसाळ्यात गवत झपाट्याने वाढते, म्हणून आठवड्यातून एकदा कापणी हवी. मात्र एका वेळी उंचीच्या एक-तृतीयांशाहून अधिक भाग छाटू नये, आणि जमीन चिखलमय असताना यंत्र फिरवू नये. लव्हाळा त्याच सुमारास डोके वर काढतो. नुसता वरून खुडल्यास तो पुन्हा उगवतो. गाठीसकट खणून काढावा. सततच्या पावसाने नत्र वाहून जाते व पाती पिवळी पडतात. उघडीप मिळताच शंभर चौरस मीटरला सुमारे एक किलो युरिया विखरून लगेच पाणी द्यावे. हिवाळ्याविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. रात्री थंड होतात, वाढ मंदावते, कापणी क्वचितच लागते.

खरा प्रश्न उन्हाळ्याचा. शंभर चौरस मीटर हिरवळीला २५ मिलिमीटर पाणी द्यावयाचे म्हणजे अडीच हजार लिटर, आणि कडक उन्हाळ्यात हे दर आठवड्याला. रायपूरला पाणी पुरविणारी खारून नदी त्याच दिवसांत रोडावलेली असते. अशा वेळी संपूर्ण अंगण हिरवे ठेवण्याचा हट्ट शहाणपणाचा ठरत नाही. रुजलेल्या हरळीची पाने वाळली, तरी जमिनीखालील खोड पुष्कळ काळ जिवंत राहते. बसण्या-उठण्यापुरता तुकडा पहाटे पाणी देऊन राखावा आणि बाकीचा पिवळा पडू द्यावा. त्यावर गवत थोडे उंच राहू द्यावे व वावर टाळावा. पहिल्या वर्षीची कोवळी लागवड मात्र अशी सोडता येत नाही.

जूनमध्ये पहिल्या सरी येताच तो पिवळा भाग आपोआप पालवतो. त्याच संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर पडून निंब-बाभळीवर जमतात. फांद्या हलवून ते खाली पाडावेत व रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत, कारण त्यांच्या अळ्या पुढे हरळीची मुळे खातात.