अतिथीचा सत्कार आणि उपदेशाची पारख

अभ्यासपाठ

शास्त्रभाग : योहानाचे दुसरे व तिसरे पत्र.
जोडून वाचावे : १ योहान ४:१–६; प्रेषितांची कृत्ये १७:१०–१२; इब्री लोकांस पत्र १३:१–२.



देऊळघाटाच्या आसपासच्या खेड्यांतून फिरत असता एका आजीबाईने आम्हांला जो प्रश्न विचारला, त्यातूनच हा पाठ निघाला आहे. गेल्या पावसाळ्यात एक परगावचा उपदेशक तिच्या दारी आला. त्याचा कंठ गोड होता, शास्त्रवचने मुखोद्गत होती आणि अंगावरील वस्त्रे भिजून चिंब झाली होती. आजीने त्याला गूळपाणी दिले, चुलीजवळ बसविले व भाकर वाढली. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या गावी गेलो, त्याचे भजन ऐकून प्रसन्न झालो, आणि तो कोण, कोठला, काय शिकवितो, याची काहीएक चौकशी न करता सायंकाळच्या उपासनेत त्यालाच उपदेशास उभे केले. हा दोष आमचा आहे व तो आम्ही येथे कबूल करितो.

आम्ही पुढच्या गावी गेल्यावर त्याने त्या घरातील तापाने फणफणलेल्या नातवाची औषधे बंद करविली. ज्याचा विश्वास पुरता आहे त्यास औषध नको, असे त्याचे म्हणणे. काल ज्याला पाळकांनी उपासनेत उभे केले, त्याचे म्हणणे खोटे कसे असेल, असे वाटून सुनेने औषध थांबविले. आजीने मात्र ऐकले नाही. ती नातवाला उराशी धरून बुलढाण्यास दवाखान्यात गेली, आणि देवाच्या कृपेने मूल वाचले. ती परत आल्यावर मंडळीच्या पंचांना हे समजले. त्यांनी योहानाच्या दुसऱ्या पत्राची दहावी ओवी वाचली आणि भर पावसात, रात्रीच्या वेळी, त्या माणसाला उपाशीच गावाबाहेर काढले.

आजीने आम्हांला विचारले, "पाळकसाहेब, माझे चुकले कोठे? त्याला भाकर दिली तेथे, की त्याला हाकलताना मीही दार लावून घेतले तेथे?"

१. दोन पत्रे, एक लेखक

दुसऱ्या पत्रात वडील योहान निवडलेल्या बाईस बजावतो की, ख्रिस्त देहाने आला हे जो कबूल करीत नाही त्याला घरात घेऊ नये व त्याचे क्षेमकुशलही विचारू नये. तिसऱ्या पत्रात तोच योहान गायसाची वाखाणणी करितो, कारण त्याने अनोळखी बंधूंना घरात घेतले व पुढच्या प्रवासाला लावून दिले. आणि दियत्रफेसाला दोष देतो, कारण तो बंधूंना स्वतः घेईना व घेणाऱ्यांनाही मंडळीबाहेर घालवी. म्हणून जो एकच पत्र वाचतो तो अर्धेच शिकतो. आमच्या पंचांनी दुसरे वाचले आणि तिसरे उघडलेच नाही.

त्या काळी मंडळीला उपासनामंदिरे नव्हती. मंडळी घरातच जमे, तेथेच वचन वाचले जाई व भाकर मोडली जाई. फिरत्या शिक्षकाला घरात घेणे म्हणजे त्याला उपदेशाचे आसन देणे, आणि त्याला निरोप देणे म्हणजे पुढच्या गावापर्यंतची शिदोरी व आपल्या नावाची शिफारस देणे. अकराव्या ओवीत योहान हेच सांगतो की, अशाला सलाम करणारा त्याच्या कर्मांचा भागीदार होतो. योहानाने जे अडविले ते आसन व शिफारस. भुकेल्याच्या तोंडचा घास नव्हे. शत्रू भुकेला असला तरी त्याला खाऊ घालावे, हे पौलही रोमकरांस पत्र १२:२० मध्ये सांगतो, आणि एक प्रेषित दुसऱ्याविरुद्ध बोलत नाही.

२. प्राचीन मंडळ्यांचा अनुभव

ही अडचण आपल्यावरच आलेली नाही. दुसऱ्या शतकात लूशियन नावाचा एक सिरियन लेखक होऊन गेला. तो ख्रिस्ती नव्हता, उलट ख्रिस्ती लोकांची थट्टा करणारा होता. त्याने पेरेग्रिनस नावाच्या एका भोंदूची हकीकत लिहिली आहे. हा मनुष्य ख्रिस्ती लोकांत शिरून त्यांचा पुढारी बनला. तो तुरुंगात पडला तेव्हा विधवा व अनाथ मुले पहाटेपासून तुरुंगाच्या दाराशी बसत, त्याला जेवण नेत, आणि दूरदूरच्या नगरांतील मंडळ्या त्याच्या मदतीस माणसे पाठवीत. पुढे मंडळीने त्याला दूर केले, आणि इ. स. १६५ मध्ये ऑलिंपिया येथे लोकांदेखत त्याने स्वतःस जाळून घेतले. लूशियनला या विश्वासू लोकांचे हसू आले. आम्हांला मात्र त्यात दोन गोष्टी दिसतात : त्यांची प्रीती खरी होती, आणि त्यांची पारख उणी होती.

मंडळ्यांनी यातून दार बंद करण्याचा धडा घेतला नाही. 'दिदाखे' म्हणजे 'शिक्षण' या नावाचे एक अतिप्राचीन ग्रीक पुस्तक आहे. १८७३ साली ते कॉन्स्टँटिनोपल येथे सापडले व १८८३ साली छापले गेले. त्यात फिरत्या उपदेशकांविषयी खेड्यातील मनुष्यालाही समजतील असे नियम आहेत. प्रभूच्या नावाने येणाऱ्या प्रत्येकाचे स्वागत करावे. मग त्याला पारखावे. फिरता प्रेषित एक दिवस राहील, गरज पडल्यास दोन. तीन दिवस राहिला तर तो खोटा. निघताना त्याने पुढच्या मुक्कामापुरती भाकर घ्यावी; पैसा मागितला तर तो खोटा. जो सत्य शिकवितो पण तसा वागत नाही तोही खोटा. ज्याला गावात राहावयाचे असेल त्याने काम करून खावे. क्रम पाहा : आधी स्वागत, मग पारख. आपण बहुधा पारख विसरतो, किंवा स्वागत तरी.

३. नारूचा दृष्टान्त

पैनगंगा देऊळघाटापलीकडील डोंगरांत उगम पावते. पण आपल्या पुष्कळ गावांना पिढ्यान्‌पिढ्या पायऱ्यांच्या विहिरींचेच पाणी होते. वडीलधाऱ्या मंडळींना नारूचा रोग आठवत असेल. रोग्याच्या पायातून दोऱ्यासारखा लांब किडा बाहेर येई. आग शमविण्यासाठी किंवा घागर भरण्यासाठी रोगी पायऱ्या उतरून पाण्यात पाय घाली, आणि किड्याची पिले पाण्यात सुटत. ती पाण्यातील अतिसूक्ष्म जीवांच्या पोटात जात, आणि ते पाणी न गाळता पिणाऱ्याला वर्षभराने नारू होई. गावोगावी लोकांना पाणी गाळून पिण्यास शिकविले गेले, रोग्यांना पाण्यात उतरू दिले गेले नाही, पायऱ्यांच्या विहिरी बदलल्या. आणि २००० साली भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर झाले.

विहीर नासविणारा गावाचा वैरी नव्हता. तो स्वतःच रोगी व तहानलेला होता. त्याला पाणी नाकारणे हा उपाय नव्हता. उपाय असा की, दुसऱ्याने पाणी शेंदून, गाळून त्याला पाजावे. त्याचा पाय मात्र विहिरीत पडू देऊ नये. खोट्या उपदेशकाविषयीही हेच. त्याला भाकर द्यावी, कोरडे अंथरूण द्यावे, त्याच्यासाठी प्रार्थना करावी. पण ज्या विहिरीचे पाणी सारी मंडळी पिते, ते उपदेशाचे आसन त्याला देऊ नये.

४. दियत्रफेसाचा मोह

हा दृष्टान्त ऐकून कोणी दारास कुलूप घालू नये. आपल्यापैकी कित्येकांच्या वाडवडिलांना पाणवठ्यावर पाऊल ठेवू दिले जात नव्हते. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेण्यासाठी १९२७ साली डॉ. आंबेडकरांना हजारो लोकांसह जावे लागले, हे आपण विसरू नये. रोग पाहून जपणे वेगळे आणि जन्म पाहून अडविणे वेगळे. दियत्रफेसाने शिकवण तपासलीच नाही. त्याला मंडळीत पहिले स्थान हवे होते, एवढेच योहान सांगतो. दुसऱ्या मंडळीचा बंधू आला, किंवा आपल्यापेक्षा बरा बोलणारा आला, म्हणून 'दुर्मत, दुर्मत' असे ओरडणारा पंच दियत्रफेसाचाच भाऊ होय.

५. पारख कशी करावी

प्रत्येक उपदेशकाविषयी चार प्रश्न विचारावे. येशू ख्रिस्ताविषयी तो काय सांगतो? त्याचे म्हणणे सबंध शास्त्राशी जुळते की एकाच ओवीवर उभे आहे? आपल्या उपदेशकाने आजाऱ्यासाठी प्रार्थना करावयास सांगितले ते खरे; पण लूक वैद्य होता (कलस्सैकरांस पत्र ४:१४), आणि हिज्कीयाच्या गळवावर यशयाने अंजिरांचे पोटीस लावविले (२ राजे २०:७), हे त्याने सांगितले नाही. तिसरा प्रश्न, तो पैशाविषयी कसा वागतो? चौथा, त्याच्या मागून घरात प्रीती राहते की फूट? आज परका उपदेशक पायी येतो असेही नाही. तो मोबाइलमधून थेट चुलीपाशी येतो. त्यालाही हेच चार प्रश्न लागू आहेत.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण ध्यानात ठेवावे. १८९६–९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली आणून त्यांना आश्रय दिला. असे उघडे दार महाराष्ट्रात थोडेच होते. पण १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावरही, केवळ गुरुजन सांगतात म्हणून एखादे मत त्यांनी मानले नाही. स्वतः शास्त्र तपासले. पुढे इब्री व ग्रीक शिकून, साध्या बायांना समजेल अशा मराठीत त्यांनी पवित्र शास्त्राचे भाषांतर केले. १९२२ साली त्या निवर्तल्या, आणि १९२४ साली ते छापून पुरे झाले. दार उघडे ठेवणाऱ्या हातानेच प्रत्येकीच्या हाती गाळणे दिले. बिरुयातील लोकांनी पौलाचे बोलणेसुद्धा रोज शास्त्रात तपासून पाहिले, आणि त्यांना कोणी दोष दिला नाही.

आता आजीचा प्रश्न. आम्ही तिला म्हणालो, "बाई, भाकर दिलीत ते चुकले नाही. आसन आम्ही दिले, ते चुकले. त्याचा उपदेश थांबविला ते योग्य. रात्री पावसात उपाशी काढले ते पाप, आणि त्यात तुम्ही, पंच व आम्ही सर्व आहोत." एवढे मात्र तिला कळले नव्हते, ते आम्ही सांगितले : त्या घरात योहानाची दोन्ही पत्रे पाळणारी तीच एक होती. तिने त्या माणसाला जेवू घातले, आणि त्याचे ऐकले नाही. पंचांनी आता ठरविले आहे की, अनोळखी पाहुण्याची पहिली रात्र मंडळीने सांभाळावी, आणि दोन पंचांनी बोलून घेतल्यावाचून कोणालाही, पाळकाच्या सांगण्यावरूनसुद्धा, उपदेशास उभे करू नये.

मंडळीत विचारण्याजोगे प्रश्न

१. आपल्या गावी परका उपदेशक आला तर पहिल्या रात्री त्याची सोय कोण करील, आणि त्याच्याशी कोण बोलेल?
२. आपण कोणाला शिकवणीमुळे दूर ठेवितो, आणि कोणाला केवळ आपल्या मानासाठी?
३. ज्याला आपण उपाशी घालविले, तो पुन्हा दारी आला तर त्याला प्रथम काय म्हणाल?