बोट आणि काच

२०२१ पासून पिकाची नोंद आपणच मोबाईलवर करतो. तिला ई-पीक पाहणी म्हणतात. नेवाशाजवळ शेताच्या बांधावर आम्ही कांद्याची नोंद करीत होतो. नुकतेच दारे धरून आलो होतो. हात ओले होते. कांद्यावर बोट नेले, तर कापूस उमटला! पुन्हा बोट लावले, तर पानच पळाले. भारीच हळवी काच बुवा!

या काचेखाली विजेचे बारीक जाळे असते. आपल्या अंगातून वीज वाहू शकते, म्हणून नुसते बोट टेकले तरी मोबाईलला कळते. दाबावे लागत नाही. पाण्याचा थेंबही त्याला बोटासारखाच वाटतो.

आम्ही पंचाला हात पुसले. काचही पुसली. मग कांदा नीट उमटला. पाठवण्याआधी पिकाचे नाव मोठ्याने वाचले. सातबाऱ्यावर कापूस चढला असता, तर कांद्याची नुकसानभरपाई मागताना अडले असते.