दार फोडायच्या आधी

झिला, घराची चावी आता तुझ्याकडे आली, म्हणून सांगतो. रात्रभर गाडीत बसून कणकवलीला उतरायचं, रिक्षा करून मिठबाव गाठायचं, खळ्यात सामान ठेवायचं आणि कुलपात चावी फिरतच नाही, हे चतुर्थीला आपल्या वाडीत कोणाच्या तरी नशिबी येतंच. मग डोकं तापतं, पहारीची शोधाशोध सुरू होते. पहार अजिबात लावायची नाही. आपली चौकट जुन्या फणसाची आहे. तिने कितीतरी पावसाळे काढले, पण एका हिसक्याने ती चिरेल, आणि तसं लाकूड आता शोधून सापडत नाही.

आचऱ्याची गावपळण तुला माहीत आहे. अख्खा गाव गुराढोरांसकट तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर राहतो आणि रामेश्वराचा कौल झाला की परततो. तेवढ्या दिवसांत कुलपाला काही होत नाही. तुम्हा चाकरमान्यांची घरं मे महिना संपला की बंद होतात ती थेट चतुर्थीपर्यंत, आणि मधे सगळा पाऊस. वाऱ्याबरोबर समुद्राचं मीठ येतं, मीठ ओल धरून ठेवतं. पितळी कुलूप गंजत नाही म्हणतात, ते अर्धंच खरं. अंग पितळेचं असलं तरी आतल्या स्प्रिंगा आणि वरची कडी बहुतेक लोखंडीच असते.

तर चावी फिरली नाही की जोर करू नको. जोराने कुलूप उघडत नाही, चावी आत तुटते. रॉकेल आता घराघरात मिळत नाही, पण तांबळडेगच्या कोणाही होडीवाल्याकडे वाटीभर डिझेल मिळेल. गंज सोडवायचा स्प्रे असला तर उत्तमच. थोडे थेंब चावीच्या भोकात, थोडे कडी जिथे आत शिरते तिथे सोड. विडी-काडी लांब ठेव. पंधरा-वीस मिनिटं थांब, ओटीवर बसून पाणी पी. मग लाकडाच्या ठोकळ्याने कुलपाला चारी बाजूंनी हलके ठोके दे आणि चावी डावी-उजवीकडे नुसती डुलव. नाही सुटलं तर पुन्हा थेंब, पुन्हा थांब. दिवस गेला तरी चालेल. खोबरेल मात्र घालू नको. ते थंडीत थिजतं आणि पुढे धूळ धरून चिकट होतं. शिलाई मशीनचं तेल घाल.

एवढं करूनही हट्टाला पेटलं, तर हॅक्सॉने कोयंडा काप. कुलपाची कडी कापत बसू नको, चांगल्या कुलपाची कडी कडक पोलादाची असते, पातं घासून संपेल. कोयंडा साध्या लोखंडाचा, तो कापला जातो आणि बाजारात नवा मिळतो. कापताना शेजारचं माणूस उभं करून ठेव, पोलीस पाटलांच्या कानावर घाल. आणि त्याही आधी नीट बघ, कुलूप आपलंच आहे ना? सामायिक घरात भाऊबंदांपैकी कोणी दुसरं कुलूप लावलेलं असू शकतं. तसं असलं तर हात लावू नको. कुलपाला हात घातलास की वाद कोर्टात जातो आणि पिढी सरते.

पूर्वी पोरं कौलं सरकवून आत उतरायची. तू चढू नको. पावसात कौलांवर शेवाळ धरतं, आणि बंद घराचे वासे वाळवीने आतून खाल्लेले असतात, ते खालून कळत नाही.

चावी गडग्याच्या भोकात, तुळशीच्या मागे, चुडतांखाली ठेवायची सवयही मोड. ती जागा साऱ्या वाडीला पाठ असते. त्याहून वाईट म्हणजे फुरसं. अशाच आडोशाला ते बसतं, आणि पावसाळ्यात तर जास्तच. अंधारात चाचपत हात घालायचा नाही, कुठेच नाही.

तुझ्या नव्या दाराला लॅच बसवलंस, त्याची मला जास्त काळजी आहे. दुपारी खारा वारा सुटला की दार धाडकन लागतं, माणूस बाहेर आणि चावी आत. लॅचची कळ दाबून ठेवल्याशिवाय, दाराला धोंडा लावल्याशिवाय खळ्यातही उतरू नको. चावी कनवटीला असू दे.

हे सगळं धीराचं सांगणं फक्त रिकाम्या घरासाठी. आत पोर अडकलं असेल, म्हातारं माणूस पडलं असेल, चुलीवर किंवा गॅसवर काही असेल, तर चौकटीचा विचार क्षणभरही करू नको. पोराशी खिडकीतून बोलत राहा, एकाला 112 लावायला सांग आणि दार फोड. तिथे पहारच लागते.

दार उघडलं की आधी खिडक्या उघड. गॅसचा वास नाही ना, बघ. ओल धरलेल्या भिंतीचे दिवे लगेच लावू नको.

आणि जाताना कुलपाला तेल दे, वरून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा झापासारखा बांध, खालून मोकळा, म्हणजे पाणी आत साचणार नाही. चतुर्थीला येशील तेव्हा देवगडहून दोन चाव्या जास्तीच्या करून आण. एक तुझ्या मुंबईच्या बहिणीकडे राहू दे, दुसरी तुझ्या काकीकडे दे. ती महिन्यातून एकदा कुलूप उघडून बंद करील. बंद घराचं कुलूप त्यानेच टिकतं.