गंध, अन्नरुची आणि व्यायाम

हिवाळ्यात जळगाव-भुसावळ परिसरात कपाशीच्या काड्यांवर भरिताची वांगी भाजली जाऊ लागली की वाटसरूच्याही तोंडाला पाणी सुटते. अन्नाचा जिभेशी संयोग झालेला नसतो, तरी बोधक कफाचा स्राव सुरू होतो. पावलॉव यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळवून देणाऱ्या पचनविषयक संशोधनातही हाच विचार आहे : अन्न जठरात पोहोचण्यापूर्वीच पाचकस्राव वाहू लागतात.

याची दुसरी बाजू चरकसंहितेत आढळते. अरोचकाच्या हेतूंत मनाला न रुचणारा गंध स्पष्टपणे सांगितला आहे. तरीही रुग्णाने ‘भूक नाही’ म्हणताच आपला हात हिंग्वाष्टकाच्या बरणीकडे जातो. आहारशक्तीची परीक्षा अभ्यवहरण व जरण अशा दोन्ही अंगांनी करावी, हा चरकोक्त दंडक येथे विसरला जातो. २०२०-२१ च्या कोविड साथीनंतर गंधज्ञान गमावलेले अनेक रुग्ण वैद्यांकडे आले. त्यांना खाल्लेले पचत असे, मलप्रवृत्ती प्राकृत असे. अन्न मात्र मातीसारखे लागे. भाजलेल्या वांग्याचा धुरकट स्वाद हा मुख्यतः चावताना घशाकडून नाकात जाणारा गंधच होय. तो गेला की जिभेला उरते केवळ मीठ आणि तिखट. अशा पित्तप्रकृती रुग्णाला धुळ्या-जळगावच्या वैशाखात तीक्ष्ण दीपन द्रव्ये दिल्यास दाह तेवढा वाढतो, रुची येत नाही.

म्हणून अरोचकात आम्ही आधी घ्राणपरीक्षा करतो. डोळे मिटवून, एकेक नाकपुडी बंद करून लवंग, हिंग, कॉफी ओळखावयास सांगावी. (औषधालयातील हिंग उघड्या डब्यात जुना झालेला नसावा, अन्यथा दोष रुग्णाच्या माथी येतो!) जर्मनीतील ड्रेस्डेन येथे हुमेल व सहकाऱ्यांनी २००९ साली गुलाब, निलगिरी, लिंबू व लवंग यांचे गंध दिवसातून दोनदा, बारा आठवडे हुंगविण्याचा अभ्यासक्रम मांडला. ही द्रव्ये आपल्या परिचयाचीच आहेत. ती हुंगावयाची आहेत, नाकात सोडावयाची नाहीत. एकाच नाकपुडीचा अवरोध, रक्तस्राव किंवा सतत वजनऱ्हास असल्यास रुग्णाला नाक-कान-घसा तज्ज्ञाकडे विनाविलंब पाठवावे.

गंधाचा दुसरा उपयोग मैदानावर होतो. पोलीस भरतीसाठी १६०० मीटर धावण्याचा सराव करणारे तरुण औषधालयांत पुदिनासत्त्व मागतात. २००१ च्या एका अमेरिकी प्रयोगात पुदिन्याच्या गंधाने खेळाडूंची धाव, दंड व हाताची पकड सुधारली. बास्केटबॉलची नेमबाजी मात्र सुधारली नाही. तथापि हुंगणाऱ्याला गंध कळतोच, त्यामुळे अपेक्षेचा परिणाम वेगळा काढणे कठीण. आमच्या मते हा मनाचा उत्साह आहे, बल नव्हे.

सुश्रुताचार्यांनी व्यायाम अर्धशक्तीपर्यंतच सांगितला असून, श्वास मुखावाटे चालू होणे हे त्याचे एक लक्षण मानले आहे. पुदिनासत्त्वाने नाक मोकळे झाल्याचा भास होतो, नासामार्गातील अवरोध प्रत्यक्षात हटत नाही. परिणामी हे लक्षण तरुणाच्या ध्यानात उशिरा येण्याचा संभव आहे. उन्हाळी सरावात तर हे विशेष जपावे. औषधालयचालकांनी दम्याच्या रुग्णास पुदिनासत्त्व वा कापूर वैद्यांच्या सल्ल्याविना देऊ नये, आणि तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ ही द्रव्ये कदापि लावू नयेत, असे प्रत्येक ग्राहकास सांगावे.